पाऊस पडला नसल्याचे हमीपत्र

मंगळवार, १६ जुलै रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मुनिरा कय्युम मन्सुरी, वय अठरा, राहणार पाचोड, हिने औरंगपुऱ्यातील ज्ञानमेघ महाविद्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनवर हवामान व वातावरणशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज दिला. त्या वेळी आकाश निरभ्र होते, असे महाविद्यालयाची हवामान नोंदवही सांगते. ही नोंद १ जुलैलाच करून ठेवलेली होती.

प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता आणि खिडकी पाच वाजता बंद होणार होती. हवामान शिकवणारे दुसरे महाविद्यालय मुनिराला जवळपास सापडले नव्हते. बारावीला तिला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. एवढ्या टक्क्यांच्या मुलीने फार्मसीला जावे, यावर पाचोडमध्ये एकमत होते. हवामान शिकून काय करणार, या प्रश्नाला तिच्या मामांनी स्वतःच उत्तर दिले होते : टीव्हीवर नकाशापुढं उभी राहून हात हलवणार. फक्त तिचे वडील कय्युम यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. ते पिंजारी. बाजारच्या दिवशी उघड्यावर कापूस पिंजून गाद्या भरून देतात. सात वर्षांपूर्वी एका लग्नाच्या सहा गाद्या अचानक आलेल्या सरीत भिजल्या, आणि नवरानवरीला मंडपातल्या सतरंजीवर निजावे लागले. त्यानंतर सहावीतल्या मुनिराने पाण्याची बाटली कापून, तिला पट्टी चिकटवून पाऊस मोजायला सुरुवात केली. रोज सकाळी साडेआठला ती वहीत नोंद करते. तेव्हापासून मन्सुरींची एकही गादी भिजलेली नाही.

खिडकी क्रमांक तीनवर वरिष्ठ लिपिक काकासाहेब गव्हाणे बसतात. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि चौदाव्या रकान्यावर बोट ठेवले.

"हा कोरा आहे."

चौदावा रकाना असा होता : प्रवेशानंतर कोणत्या अभ्यासक्रमात बदल हवा?

"मला बदल नको," मुनिरा म्हणाली.

"सगळ्यांना पाहिजे असतो."

"मला हवामानच शिकायचंय."

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. हवामान विभाग निघून आठ वर्षे झाली होती. दर जुलैत त्याच्या सर्व जागा भरत आणि ऑगस्टपर्यंत सर्व विद्यार्थी संगणकशास्त्रात बदलून जात, कारण संगणकाच्या जागा आधीच संपलेल्या असत आणि आत शिरायला हे एकच दार उघडे राही. विभागाच्या निकालाला त्यामुळे कधी गालबोट लागले नव्हते. आठ वर्षांत एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता, ही गोष्ट माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली होती.

"पोरी, खरं सांग," काकासाहेब म्हणाले. "हवामान शिकायला हवामानाला कोण येतं?"

"लिव्ह ना बाई कंप्यूटर," मागून आवाज आला. तो वच्छलाबाईंचा होता. त्या मुकुंदवाडीहून मुलाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. मुलगा संगणकाच्या शिकवणीला गेलेला होता. "कामून रांग अडवायलीस? आम्ही बी तेच लिव्हलंय. अन् कंप्यूटरमदी बी हवामान दिसतंच की."

मुनिराने रकान्यात लिहिले : हवामानशास्त्रातून हवामानशास्त्रात. काकासाहेबांनी ते दोनदा वाचले. बदल विचित्र होता, पण रकाना भरलेला होता. भरलेल्या रकान्याविरुद्ध त्यांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी तक्रार केली नव्हती.

खरी अडचण सतराव्या रकान्यात निघाली. अर्जाच्या दिवशीचे हवामान उमेदवाराने स्वतः निरीक्षण करून लिहावे, असा तो रकाना होता. उमेदवारांची गैरसोय नको म्हणून त्याचे उत्तर खिडकीच्या काचेवर चिकटवलेले असे. रांगेतल्या सर्वांनी स्वतः निरीक्षण करून 'निरभ्र' लिहिले होते. मुनिराने लिहिले होते : सकाळपासून दमट. सव्वादहा वाजता पश्चिमेला ढग उभे वाढत आहेत. दुपारी एकच्या आत जोराचा पाऊस.

काकासाहेबांनी ड्रॉवरमधून नोंदवही काढली.

"सोळा जुलै. निरभ्र. पाऊस शून्य."

"ही नोंद कधी केली काका?"

"एक तारखेला."

"आज सोळा आहे."

"तेच तर सांगतोय. ही पंधरा दिवस आधीची. तुझी आत्ताची. दोन नोंदींत वाद झाला तर ज्येष्ठतेनं बघायचं."

यामागे रीतसर कारण होते. विभागप्रमुख प्रा. नानासाहेब सोळुंके हे मूळचे भूगोलाचे. त्यांच्याकडे हवामानासह चार विभागांचा अतिरिक्त कार्यभार होता, आणि ते जालन्याहून दर महिन्याच्या एक तारखेला सह्या करायला येत. पहिल्या वर्षी तपासणीत आक्षेप निघाला, की नोंदी आहेत पण सह्या नाहीत. म्हणून पुढच्या महिन्यात सह्या आधी घेतल्या. तेव्हा आक्षेप निघाला, की सह्या आहेत पण नोंदी नाहीत. शेवटी महिनाभराच्या नोंदी एक तारखेलाच लिहून त्यावर सह्या घ्यायच्या असे ठरले, आणि तपासणी पथकाने महाविद्यालयाचे अभिनंदन केले. नोंदींना आधार हवा म्हणून मागील वर्षाच्या त्याच तारखेची नोंद घेतात. मागील वर्षाची नोंद त्याच्या मागील वर्षाची असते. पहिले वर्ष कोरडे गेले होते. औरंगपुऱ्यात, महाविद्यालयाच्या कागदांनुसार, ते अजून चालू आहे.

पर्जन्यमापक होता. भिजून खराब होऊ नये म्हणून तो कपाटात कुलपात होता.

"खिडकीतून बघा ना काका," मुनिरा म्हणाली. "ढग दिसायलेत."

"खिडकी अर्ज घ्यायला आहे," काकासाहेब म्हणाले. त्यांनी अर्ज परत सरकवला. "सतरा नंबरला निरभ्र कर आणि पाचच्या आत आण. नाही तर खोटी माहिती म्हणून बाद होईल."

मुनिरा वडिलांकडे आली. कय्युम फाटकाजवळ दुचाकी लावून उभे होते. दुचाकीच्या मागे ताडपत्री बांधलेली होती. कापसाचा माणूस ताडपत्रीशिवाय घराबाहेर पडत नाही, मग सोबत कापूस असो वा नसो.

"अब्बा, ताडपत्री छोडो," ती म्हणाली.

कय्युमनी वर पाहिले नाही, घड्याळही पाहिले नाही. दोऱ्या सोडल्या, ताडपत्रीचे एक टोक रांगेच्या कठड्याला बांधले, दुसरे कडुनिंबाला. मुनिराने अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि सवयीने खांद्यावरच्या झोळीतली कापलेली बाटली काढून आवाराच्या भिंतीवर, दोन विटांच्या मध्ये ठेवली.

"या ताई, आत या," कय्युम रांगेकडे बघून म्हणाले. "पोरगी म्हणायली पाऊस यायलाय."

"काचंवर लिव्हलंय ना निरभ्र," वच्छलाबाई म्हणाल्या. "शिकल्या-सवरल्या मानसांनी लिव्हलंय."

"मंग ताई, त्या कागदाखालीच उभ्या ऱ्हा."

रांग हसली. जागचे मात्र कोणी हलले नाही, कारण हलणाऱ्याचा नंबर जातो.

बारा वाजून बावन्न मिनिटांनी पाऊस सुरू झाला. तो बेचाळीस मिनिटे पडला. पहिल्या दोन मिनिटांत काचेवरचा 'निरभ्र' लिहिलेला कागद वाहून गेला. शिक्के जेवणाच्या सुट्टीनंतरच मारायचे असल्याने रांगेत त्रेचाळीस जण तसेच उभे होते आणि त्रेचाळीसही अर्ज भिजले. फोटोंचे रंग उतरले, सह्या पसरल्या. वच्छलाबाईंच्या मुलाचे नाव त्याच्या जन्मतारखेत मिसळले. चव्वेचाळिसावा अर्ज ताडपत्रीखाली होता.

दीड वाजून गेल्यावर प्राचार्य खाली आले. त्यांच्या हातात मिटलेली छत्री होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होते. माहितीपुस्तिकेतील नियम नऊप्रमाणे भिजलेले अर्ज घेता येत नाहीत. नैसर्गिक कारण असल्यास अपवाद करता येतो, मात्र त्याला महाविद्यालयाच्या हवामान नोंदवहीचा दाखला लागतो.

"कशानं भिजले?" प्राचार्यांनी विचारले.

काकासाहेबांनी नोंदवही उघडून दाखवली. "नोंदीप्रमाणे, सर, काही कारण नाही."

"मग पाणी?"

"पाणी दिसतंय, सर. नोंद नाही."

प्राचार्यांनी नानासाहेबांना फोन लावला. ते त्या दिवशी खासगी कामाने शहरात आले होते आणि त्या वेळी मुकुंदवाडी स्टेशनच्या शेडखाली परतीच्या गाडीची वाट पाहत होते. फोन सर्वांना ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवण्यात आला.

"काय? जरा मोठ्यानं बोला," नानासाहेब ओरडत होते. "ऐकू येईना. इथं पत्र्यावर..." ते थांबले. जुलैच्या एकतीस दिवसांवर त्यांची सही होती. "इथं पत्र्यावर काहीतरी पडायलंय," ते म्हणाले.

"नोंद बदलता येईल का, सर?"

"खाडाखोड चालत नाही. माझी सही आहे तिच्यावर. तुम्ही असं करा, नोंद तशीच ठेवा आणि अर्जांचं काहीतरी बघा."

त्यानुसार तीन वाजता हमीपत्र तयार झाले. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात पाणी शिरले होते, म्हणून प्रती यायला अर्धा तास उशीर झाला. एकूण पन्नास प्रती काढल्या. मजकूर असा : मी लिहून देतो / देते की, दि. १६ जुलै रोजी पाऊस पडला नसून, माझा अर्ज पुढील कारणामुळे सध्याच्या स्थितीत आहे. त्याखाली कारणासाठी एक रिकामी ओळ, सहीसाठी दुसरी, आणि तळाला बारीक अक्षरांत, जसे प्रत्येक सरकारी नमुन्यावर असते तसे : लागू नसलेला मजकूर खोडावा.

हमीपत्र देणाऱ्याचा अर्ज भिजलेला असला तरी स्वीकारला जाईल, असे प्राचार्यांनी जाहीर केले. लोकांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. पाठी ओल्या असल्याने हमीपत्रेही थोडी भिजली, पण त्यासाठी वेगळे हमीपत्र मागायचे नाही, असा निर्णय प्राचार्यांनी स्वतःच्या अधिकारात घेतला. सोळा जणांनी कारण म्हणून 'घाम' लिहिले, त्यांच्या कष्टाळूपणाची तोंडी नोंद घेण्यात आली. काहींनी पाण्याच्या बाटलीचे झाकण सैल असल्याचे लिहिले. वच्छलाबाईंनी 'आसवं' लिहिले.

"एवढी?" काकासाहेब म्हणाले. बाईंच्या अर्जातून अजून पाणी टपकत होते.

"पोरगं बारावीला दोनदा बसलं, साहेब."

कारण मान्य झाले.

मग मुनिराचा अर्ज आला. तो कोरडा होता. काकासाहेबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, कोपरा दाबून पाहिला आणि प्राचार्यांकडे नेला. दहा मिनिटांनी तिला वडिलांसह आत बोलावले.

"त्रेचाळीस अर्ज भिजले," प्राचार्य म्हणाले. "तुझा भिजला नाही. याचा अर्थ तुला आधी माहीत होतं."

"हो सर. अर्जातच लिहिलंय."

"म्हणजे लेखी कबुली आहे." त्यांनी काकासाहेबांकडे पाहिले. "सतरावा रकाना निवडीसाठी असतो. त्याचं उत्तर उमेदवाराला आधीच मिळालं असेल, तर हवामान फुटलं असं म्हणावं लागेल. चौकशी लागेल. कोणाकडून कळलं तुला?"

"ढगांकडून."

"नाव सांग."

"उभा वाढलेला ढग होता सर. गडगडाटी. पश्चिमेकडून आला."

काकासाहेबांनी लिहून घेतले : माहिती देणारा पश्चिमेकडून आला. वर्ण काळा. सध्या ठावठिकाणा नाही.

भिंतीवरची बाटली तोपर्यंत आत आणली गेली होती. तीत एकतीस मिलिमीटर पाणी होते. महाविद्यालयाच्या आवारात परवानगीशिवाय पाणी जमा केल्याचा मुद्दा चौकशीत वाढवण्यात आला. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून बाटलीवर बशी ठेवली. त्यानंतर प्राचार्यांनी मुनिराची वही मागितली.

त्यांनी ती बराच वेळ चाळली. सात वर्षांची एकही तारीख सुटलेली नव्हती. शेवटच्या पानावर त्या दिवसाची ओळ होती : १२.५२ ते १.३४. ३१ मि.मी. वारा पश्चिमेचा.

"ही वही जमा करावी लागेल."

"साहेब," कय्युम आत आल्यापासून पहिल्यांदाच बोलले, "त्या वहीवर माझा धंदा चालतो. कुणाची गादी कधी भरायची, त्यातच बघून सांगतो मी. वही ठिवली तर बाजारात पाल कधी लावू अन् कधी काढू?"

"वही परत देऊ की," प्राचार्य मवाळ झाले. "प्रवेशही देऊ. अशा मुली विभागाला हव्यातच. तिनं दोनच गोष्टी करायच्या. आजची ओळ खोडून बाजूला सही करायची, आणि सगळ्यांनी दिलंय ते हमीपत्र द्यायचं. चौकशी मागे घेतो. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

त्यांनी अर्ज आणि एक कोरे हमीपत्र तिच्या हातात दिले. तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

बाहेर बाकावर मुनिरा हमीपत्र घेऊन बसली. काकासाहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो.

"एक ओळ आहे पोरी," ते म्हणाले. "मी वर्षाला तीनशे पासष्ट लिहितो. काही होत नाही. आत ये, तीन वर्षं शिक, मग लिही काय खरं लिहायचं ते."

"तुम्ही कधी लिहिणार होता काका? खरं?"

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या," काकासाहेब म्हणाले. उत्तर झाले असे त्यांना वाटले.

वच्छलाबाई लुगड्याचा पदर पिळत होत्या. पिळलेल्या पाण्याचा ओहोळ मुनिराच्या चपलेपर्यंत आला होता. "टाक ना बाई सही," त्या म्हणाल्या. "आम्ही काय वाळल्यालो हाव का? पन केली ना? लेकराच्या भल्यासाठी मानूस म्हनतंच की पाऊस पडला नाय."

मुनिराने वडिलांकडे पाहिले. "क्या करू, अब्बा?"

कय्युम ताडपत्री झटकून तिची घडी घालत होते. "बेटा, मई तो पिंजारी आदमी," ते म्हणाले. "भीगे सो कापूस कू सूखा बोलके भरा, तो चार दिन में गादीच बास मारती."

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी मुनिराने वडिलांच्या खिशातले पेन घेतले. वहीला ती शिवली नाही, वही अजून प्राचार्यांच्या टेबलावर होती. तिने हमीपत्र तळापासून वाचायला घेतले, आणि तळाच्या सूचनेप्रमाणे लागू नसलेला मजकूर खोडला. आधी 'देतो' खोडले. मग 'पाऊस पडला नसून' खोडले. प्रत्येक खोडीशेजारी, नोंद ठेवणारे करतात तशी, तारीख टाकून सही केली. राहिलेल्या ओळीत, अर्ज सध्याच्या स्थितीत असण्याचे कारण म्हणून तिने एकच शब्द लिहिला : ताडपत्री.

चार अठ्ठावन्नला तिने अर्ज आणि हमीपत्र खिडकीत सरकवले. काकासाहेबांनी ते वाचले. चौदावा रकाना भरलेला होता, सतरावाही. हमीपत्र जोडलेले होते. खोडी होत्या, पण त्या छापील सूचनेप्रमाणे होत्या, आणि प्रत्येकीवर सही होती. त्यांनी आत पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि मग बत्तीस वर्षांची सवय त्यांच्या हाताने पाळली. शिक्का उठला. आवक क्रमांक चव्वेचाळीस. खिडकी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी पाऊस नाकारणारी त्रेचाळीस हमीपत्रे आहेत आणि न नाकारणारे एक. बहुमत स्पष्ट होते. पण आवक क्रमांक पडलेला कागद बाद करायचा तर लेखी कारण द्यावे लागते, आणि सुचलेल्या प्रत्येक कारणात पाऊस हा शब्द येत होता. हा अर्ज तज्ज्ञांच्या मतासाठी हवामान विभागाकडे पाठवण्यात आला. हवामान विभाग म्हणजे काकासाहेबांचा ड्रॉवर असल्याने अर्जाला फार लांब जावे लागले नाही. नानासाहेब एक तारखेला आले की त्यावर मत देतील, असा शेरा मारण्यात आला.

१ ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजता नानासाहेब आले. रेनकोट त्यांनी फाटकाबाहेर काढून ठेवला होता. ऑगस्टच्या एकतीस दिवसांवर त्यांनी सह्या केल्या. सर्व दिवस निरभ्र आहेत. मुनिराच्या अर्जावर त्यांनी लिहिले : चर्चा करावी. कोणाशी, हे लिहिलेले नाही.

त्रेचाळीस विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला असून ते सर्व संगणकशास्त्रात बदलून गेले आहेत. हवामानाचा वर्ग वेळापत्रकाप्रमाणे रोज साडेदहाला भरतो. त्यात कोणी नसते. मुनिरा सोमवारी आणि गुरुवारी पाचोडहून येते, खिडकी क्रमांक तीनवर चौकशी करते आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून आकाशाची नोंद नव्या वहीत करते. जुनी वही कुलपात, पर्जन्यमापकाच्या शेजारी आहे. तिच्यातली १६ जुलैची ओळ या क्षणापर्यंत कोणी खोडलेली नाही, कारण खोडणाऱ्याला बाजूला सही करावी लागेल.

हमीपत्राच्या सहा कोऱ्या प्रती खिडकीवर शिल्लक आहेत. त्या कोणालाही मिळतात. रांग नाही. पेन मात्र ज्याचे त्याने आणायचे आहे, आणि पेन आपल्या सर्वांच्या खिशात असते.